कळणें आणि वळणें

‘कळतें पण वळत नाहीं’ ही मराठी घरांतील फार जुनी तक्रार आहे. ती बहुधा अभ्यास टाळणाऱ्या मुलांविषयीं किंवा तंबाखू न सुटणाऱ्या वडील माणसांविषयीं केली जाते. परंतु तिची सत्यता पाहावयाची असेल तर एखाद्या मधुमेही गृहस्थाच्या पानाकडे पाहावें. साखर आपणांस वर्ज्य आहे हें त्याला पक्कें ठाऊक असतें. भात किती घ्यावा, रोज किती चालावें, हें डॉक्टरांनीं लिहून दिलेलें असतें. पहिला पंधरवडा तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर झळकतो. पुढें सण येतो, पाहुणे येतात, लग्नाची पंगत येते, आणि कागद कपाटांतल्या फाइलींत जाऊन बसतो. सहा महिन्यांनीं रक्त तपासलें म्हणजे आंकडे पुन्हां पहिल्या ठिकाणीं आलेले दिसतात. घरचीं माणसें म्हणतात, ‘यांच्या मनाला निग्रहच नाहीं.’ गृहस्थहि तें खरें मानतो, आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढें जाण्याचीच त्याला लाज वाटूं लागते.

हा दोष त्या गृहस्थाच्या मनाचा, कीं पथ्य सांगण्याच्या रीतीचा? गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत प्रथम पाश्चात्य देशांत व पुढें आपल्याकडेहि कांहीं माणसांनीं हा प्रश्न गंभीरपणें विचारला. आहारतज्ज्ञांचा आजचा व्यवसाय पुष्कळ अंशीं त्या विचारांतून घडला आहे. काय खावें हें सांगण्याची विद्या प्राचीन आहे. सांगितलेलें वर्षानुवर्षें टिकावें कसें, ही विद्या मात्र अलीकडची आहे, आणि तिचा इतिहास बोधप्रद आहे.

चरक-सुश्रुतांच्या संहितांत पथ्यापथ्याचा विचार विस्तारानें आलेला आहे. प्राचीन ग्रीक वैद्यहि आहारविहाराला मोठें महत्त्व देत. परंतु ऐकलेलें पथ्य जन्मभर पाळलें आणि त्याची हकीकत स्वतः लिहून ठेवली अशा माणसांत व्हेनिसचा सरदार लुइजी कोर्नारो याचें नांव प्रसिद्ध आहे. तारुण्यांतील अतिभोगानें चाळिशीच्या सुमारास त्याचें शरीर अगदीं मोडलें. वैद्यांनीं मिताहार सांगितला. कोर्नारोनें दिवसाचें अन्न १२ औंस आणि द्राक्षासव १४ औंस असें माप ठरविलें व तें नेटानें चालविलें. त्याचें मिताहारावरील पुस्तक १५५८ सालीं पादुआ येथें प्रसिद्ध झालें, आणि १५६६ सालीं, ऐंशी वर्षें ओलांडून, तो वारला. त्या पुस्तकांतील एक प्रसंग मोठा मार्मिक आहे. वृद्धपणीं आप्तेष्टांनीं आग्रह धरला कीं, इतकें थोडें खाणें आतां बरें नव्हे. त्यांच्या समाधानासाठीं कोर्नारोनें अन्न व आसव दोन-दोन औंसांनीं वाढविलें. थोड्याच दिवसांत तो आजारी पडला, आणि जुन्या मापावर परत आला तेव्हांच बरा झाला.

कोर्नारो श्रीमंत होता. त्याचा वेळ त्याच्या हातीं होता, आणि स्वयंपाक करावयास नोकर होते. अशा माणसालाहि घरच्यांच्या मायेपुढें आपलें व्रत सांभाळणें कठीण गेलें. मग गिरणींत बारा तास राबणाऱ्या मजुरानें, किंवा दहा माणसांचें रांधून शेवटीं उरलेलें खाणाऱ्या बाईनें तें एकट्याच्या बळावर कसें सांभाळावें? हा प्रश्न विचारला जाण्यास पुढें तीन शतकें जावीं लागलीं.

एकोणिसाव्या शतकांत रुग्णालयें वाढलीं. क्रिमियाच्या युद्धांतून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकांत रोग्याच्या खाण्याविषयीं दोन स्वतंत्र प्रकरणें घातलीं. रोग्याला काय द्यावें याइतकाच तें केव्हां व कसें द्यावें हाहि विचार महत्त्वाचा आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. रोग्याचें खाणें ही आचाऱ्यावर सोडून देण्याची बाब नाहीं, तें निरीक्षणाचें शास्त्र आहे, ही जाणीव तेव्हांपासून दृढ होत गेली. १९१७ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतांना, अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं आहारतज्ज्ञांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. लेना कूपर व लूलू ग्रेव्हज या दोघी तिच्या प्रवर्तक होत्या, आणि ग्रेव्हजबाई पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्या काळीं आहारतज्ज्ञाचें मुख्य क्षेत्र म्हणजे रुग्णालयाचें स्वयंपाकघर. तेथें पथ्य पाळविणें सोपें होतें. कारण जें ताटांत येई तेंच रोगी खाई. खरी अडचण तो घरीं गेल्यावर सुरू होई.

ती अडचण सोडविण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न एकाच सुमारास, आणि बॉस्टन या एकाच शहरांत झाले. पहिला डॉ. एलियट जॉस्लिन यांचा. १८९८ सालापासून त्यांनीं त्या शहरांत वैद्यकी केली आणि मधुमेह हा आपल्या आयुष्याचा विषय केला. त्या वेळीं मधुमेहावर औषध नव्हतें. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनीं घालून दिलेल्या पद्धतीनें रोग्याचें अन्न इतकें कमी करीत कीं, तें जवळजवळ उपासमारीपर्यंत जाई. मुलें हाडांचे सांपळे होऊन जगत. पण कांहीं महिने अधिक जगत, एवढेंच समाधान. पुढें १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिनचा शोध लागला, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोचण्यांत आलें.

आतां पथ्याचें प्रयोजन संपलें, असें पुष्कळांस वाटलें असल्यास नवल नाहीं. डॉ. जॉस्लिन यांचें मत अगदीं उलट होतें. इन्सुलिननें रोगी मरणांतून वांचला, म्हणजे आतां त्याला पुढचीं वीस-तीस वर्षें रोज मधुमेहाबरोबर राहावयाचें आहे. आणि रोज दारीं येणारा डॉक्टर कोणाला मिळणार? तेव्हां रोग्यालाच शिकविलें पाहिजे. इन्सुलिन येण्यापूर्वींच, १९१८ सालीं, त्यांनीं डॉक्टर व रोगी या दोघांनीं मिळून वापरावें असें एक पुस्तक काढलें होतें. रोग्यांनीं लघवी स्वतः तपासावी, अन्न स्वतः तोलावें, औषधाचें माप स्वतः समजून घ्यावें, यासाठीं त्यांनीं वर्ग चालविले आणि परिचारिकांना शिकवून रोग्यांच्या घरोघर पाठविलें. आहार, इन्सुलिन व व्यायाम हे एकाच रथाचे तीन घोडे आहेत, ही त्यांची आवडती उपमा होती. तीन घोड्यांचा लगाम रोग्याच्या हातीं द्यावयाचा तर त्याला सारथ्य शिकविणेंहि ओघानेंच आलें. हुकूम देणारा डॉक्टर येथें शिक्षक झाला.

दुसरा प्रयत्न फ्रान्सिस स्टर्न या बाईंचा. १८७३ सालीं बॉस्टन येथेंच, जर्मनीहून आलेल्या एका ज्यू कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. गृहशास्त्राच्या आद्य पुरस्कर्त्या एलन रिचर्ड्स यांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें, आणि मजूरवर्गाचा आहार हा अभ्यासाचा विषय घेतला. १९१८ सालीं बॉस्टनच्या एका धर्मार्थ दवाखान्यांत त्यांनीं आहार-चिकित्सालय उघडलें. तेथें येणारी मंडळी बहुतेक गरीब होती, आणि पुष्कळशी परदेशांतून नुकतीच आलेली होती. कोणी इटलीचे, कोणी पूर्व युरोपचे. प्रत्येकाची भाषा निराळी, देव निराळा आणि हंडीहि निराळी. अशा बाईच्या हातीं अमेरिकन पदार्थांची छापील यादी देणें म्हणजे भाताच्या मुलखांतल्या घराला भात विसरा म्हणून सांगण्यासारखेंच होतें. स्टर्नबाईंनीं उलटीकडून आरंभ केला. घरीं माणसें किती, मिळकत किती, स्वयंपाक कोण करतें, सणावारीं काय शिजतें, हें आधीं विचारावयाचें. आणि मग तिच्याच हंडींतल्या अन्नांत, तिच्याच पैशांत बसेल असा फरक सुचवावयाचा. रोगी हा सुटा नसतो, तो एका घराचा भाग असतो, हें तत्त्व त्यांनीं व्यवसायाला दिलें. १९४७ सालीं त्या वारल्या. त्यांच्या चिकित्सालयाला त्यांचें नांव त्यापूर्वींच देण्यांत आलें होतें.

इतकें झालें तरी ‘समजावून सांगितलें कीं माणूस वागेल’ हा विश्वास बहुतेकांच्या मनांत कायमच होता. त्याची परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत झाली. उत्तम मांस लढाईवरील सैन्याकडे जाऊं लागलें, तेव्हां जनावराचें हृदय, मूत्रपिंड इत्यादि पौष्टिक पण नावडते भाग लोकांनीं खावे असें अमेरिकन सरकारास वाटलें. अन्नाच्या सवयींचा अभ्यास करण्यासाठीं तेथें एक समिती होती, आणि मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिच्या कार्यवाह होत्या. १९३३ सालीं जर्मनी सोडून आलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन तेव्हां आयोवा संस्थानांत काम करीत होते. त्यांनीं घरोघरच्या गृहिणींचे सहा गट घेतले; प्रत्येक गटांत तेरा ते सतरा बायका. तीन गटांपुढें उत्तम व्याख्यान झालें: युद्धकाळांतील कर्तव्य, जीवनसत्त्वें, काटकसर, पाककृतींचे छापील कागद, सर्व कांहीं. दुसऱ्या तीन गटांत व्याख्यान न देतां चर्चा झाली. ‘आपल्यासारख्या बायकांना हें कां जड जातें?’ एवढाच प्रश्न टाकण्यांत आला. वास आवडत नाहीं, नवरा नाक मुरडतो, शिजवावें कसें तें ठाऊक नाहीं, अशा अडचणी त्यांनींच मांडल्या. मग आहारतज्ज्ञ बाईंनीं त्यांवर उपाय सांगितले. आणि शेवटीं, येत्या आठवड्यांत कोण कोण करून पाहणार, असें विचारल्यावर त्यांनीं हात वर केले. वेळ दोन्हीकडे सारखाच, सुमारें पाऊण तास.

आठवड्यानें चौकशी केली. व्याख्यान ऐकलेल्या बायकांपैकीं शेंकडा ३ जणींनीं, आणि चर्चा करून स्वतः निश्चय केलेल्या बायकांपैकीं शेंकडा ३२ जणींनीं पूर्वीं कधीं न केलेला पदार्थ घरीं केला होता. नुकत्याच बाळंत झालेल्या मातांना संत्र्याचा रस व कॉडमाशाचें तेल बाळास देण्याविषयीं सांगावयाचें होतें, तेथेंहि तोच अनुभव आला. प्रत्येकीला एकटीला गांठून सांगण्यापेक्षां सहा जणींनीं एकत्र बसून ठरविलेलें अधिक पाळलें गेलें. लेविन यांनीं आणखी एक गोष्ट पाहिली. बाजारांतून किंवा बागेंतून निघालेलें अन्न पानांत येईपर्यंत ज्या वाटांनीं जातें, त्या प्रत्येक वाटेवर एक दार असतें, आणि त्या दाराचा पहारा बहुधा गृहिणीकडे असतो. नवऱ्याला कितीहि उपदेश करा. द्वारपालाशीं बोलणें झालें नसेल तर उपदेश दाराबाहेरच राहतो.

हिंदुस्थानांत त्या वेळीं वेगळेंच काम चालूं होतें. येथें मुख्य दुःख अतिआहाराचें नव्हतें, अर्धपोटीं राहण्याचें होतें. निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं आहारविषयक संशोधनाचा पाया घातला, आणि त्यांच्यामागून आलेले डॉ. एक्रॉइड यांनीं १९३७ सालीं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, पालेभाज्या यांत काय किती आहे हें त्यांत मांडलेलें होतें. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस गेली; तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. १९६३ सालीं भारतीय आहारतज्ज्ञांचीहि संस्था निघाली, आणि २०१७ सालीं ५२८ अन्नपदार्थांचीं नवीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं. ह्या कोष्टकांचें ऋण मोठें आहे. परंतु नाचणींत किती कॅल्शियम आहे एवढें कळल्यानें नाचणीची भाकरी ताटांत येत नाहीं; मध्यें तें दार आणि तो द्वारपाल असतोच.

युद्धानंतर विचाराची दिशा हळूहळू बदलली. १९६७ सालीं रिचर्ड स्टुअर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें स्थूल माणसांवर उपचार करतांना निग्रहाची गोष्टच काढली नाहीं. त्यानें त्यांना वही दिली. कोणत्या वेळीं, कोणत्या जागीं, काय करीत असतांना खाल्लें, तें लिहावयाचें. आणि घरांत खाण्याची जागा एकच ठेवावयाची. सवयीचें मूळ मनांत असतें तितकेंच तें हाताशीं ठेवलेल्या डब्यांतहि असतें, हें अशा वह्यांतून दिसून आलें. १९८३ सालीं विल्यम मिलर यांनीं दारूच्या व्यसनावरील अनुभवांतून दुसरी गोष्ट मांडली. ‘हें तुम्हीं सोडलेंच पाहिजे’ असें जोरानें म्हटलें कीं समोरचा माणूस न सोडण्याचीं कारणें सांगूं लागतो. म्हणून सल्लागारानें कमी बोलावें, प्रश्न विचारावे, आणि बदलाचीं कारणें त्याच माणसाच्या तोंडून येऊं द्यावीं. पुढें ही संभाषणपद्धति आहारतज्ज्ञांच्या शिक्षणांतहि शिरली.

मात्र या सर्वांनीं खरोखर रोग टळतो काय? त्याचा निर्णय मोठमोठ्या प्रयोगांनीं लागला. १९८६ सालीं उत्तर चीनमधील डाचिंग या तेलाच्या खाणींच्या शहरीं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५७७ लोक निवडून, ३३ दवाखान्यांतून सहा वर्षें कोणाला आहाराचें, कोणाला व्यायामाचें, कोणाला दोहोंचें मार्गदर्शन देण्यांत आलें. तिन्ही प्रकारांत मधुमेहाचें प्रमाण स्पष्टपणें घटलें. त्या माणसांचा मागोवा तीस वर्षें घेण्यांत आला, आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार ज्यांना मार्गदर्शन मिळालें त्यांचा मधुमेह सरासरीनें सुमारें चार वर्षें लांबला व त्यांच्यांत हृदयविकारादींचे मृत्यु एकतृतीयांशानें कमी झाले.

फिनलंडांत ५२२ माणसांवर झालेला प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें प्रत्येकाला पहिल्या वर्षांत आहारतज्ज्ञाच्या सात भेटी मिळाल्या व पुढें दर तीन महिन्यांनीं एक. लक्ष्यें पांच आणि तींहि माफक. वजन शेंकडा ५ नें उतरविणें हें त्यांतील एक. बाजारहाट व स्वयंपाक करणाऱ्या जोडीदारालाहि बोलावण्यांत येई. द्वारपालाची लेविन यांची कल्पना येथें व्यवहारांत उतरली. मधुमेह होण्याचा धोका शेंकडा ५८ नें कमी झाला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील ३,२३४ लोकांच्या प्रयोगाचा वृत्तांत निघाला, आणि योगायोगानें आंकडा तोच आला, शेंकडा ५८. मेटफॉर्मिन हें औषध घेणाऱ्यांत तो शेंकडा ३१ होता. तेथें प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता, आणि बहुतेक मार्गदर्शक आहारतज्ज्ञच होते. सोळा पाठ, खाण्याची वही, वरचेवर वजन, आठवड्यास १५० मिनिटें चालणें, असा क्रम होता. चेन्नई येथें डॉ. ए. रामचंद्रन यांनीं ५३१ भारतीयांवर केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. येथेंहि आहार-व्यायामानें धोका शेंकडा २८.५ नें घटला. आपल्या लोकांत मधुमेहाकडे जाण्याचा वेग अधिक, म्हणून यश थोडें कमी; परंतु तें औषधाच्या यशाहून कमी नव्हतें.

या आंकड्यांत एक कटु सत्यहि दडलेलें आहे. अमेरिकेच्या प्रयोगांत वजन शेंकडा ७ नें उतरविण्याचें लक्ष्य पाठ संपतांना निम्म्या लोकांनीं गांठलें होतें. अखेरच्या भेटीच्या वेळीं मात्र तसे शेंकडा ३८ च उरले. इतक्या जाणत्या सोबतींतहि माणसें घसरतात. म्हणूनच त्या सोळा पाठांपैकीं एक संपूर्ण पाठ घसरण्याविषयींच होता. घसरणें हा गुन्हा नव्हे, तो वाटेचा भाग आहे. कोठें घसरलों तें पाहावें व दुसऱ्या जेवणापासून पुन्हां आरंभ करावा, असें त्यांत शिकवीत. लंडन येथें ९६ जणांवर झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, नवी गोष्ट अंगवळणीं पडण्यास कोणाला १८ दिवस लागतात तर कोणाला २५४. आणि मध्यें एखादा दिवस चुकला तर सवय बिघडत नाहीं. एका पुरणपोळीनें व्रत मोडत नाहीं. व्रत मोडलें असें समजून सगळेंच सोडून दिलें म्हणजे मात्र तें मोडतें.

एवढ्या इतिहासानंतर आहारतज्ज्ञाचें खरें काम कोणतें तें सांगतां येतें. कोष्टकें तर तो जाणतोच. परंतु तो आधीं घर विचारतो, मग पान विचारतो. एका वेळीं एकच बदल मागतो. तो बदल त्या माणसालाच निवडूं देतो. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला शेजारीं बसवितो. वही पाहतो, आणि ती रिकामी असली तरी रागावत नाहीं. मुख्य म्हणजे तो पुढच्या भेटीची तारीख देतो. फिनलंडांत काय, अमेरिकेंत काय, जें यश आलें तें एका भेटीचें नव्हतें. तें पुन्हां पुन्हां झालेल्या भेटींचें होतें.

म्हणून आरंभीं सांगितलेल्या त्या गृहस्थाला दुबळ्या मनाचा म्हणून मोकळें होणें न्यायाचें नाहीं. त्याच्या हातीं कागद दिला गेला, सोबत दिली गेली नाहीं. कपाटांतली फाइल पुन्हां काढावी. ती घेऊन पतिपत्नींनीं एकत्र जावें. आणि सबंध कागदांतून या महिन्यापुरती एकच ओळ निवडावी. रात्रीच्या भाताची एक मूद कमी, किंवा जेवणानंतर गल्लीच्या टोंकापर्यंत दोघांची एक फेरी. पुढच्या महिन्यांत कोणी विचारणारें असलें, तर दुसरी ओळहि हळूहळू वळूं लागते.